व्हिक्टोरियन रहस्यकथा आजही का वाचाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेरलॉक होम्स, विल्की कॉलिन्स आणि त्या काळातल्या इतर रहस्यकथांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरं. गोष्टींचे शेवट शक्यतो फोडलेले नाहीत. जिथे फोडावे लागले आहेत तिथे आधी सांगितलं आहे.

व्हिक्टोरियन रहस्यकथा म्हणजे नेमक्या कोणत्या?

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ या काळात गादीवर होती. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या, गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या कथा-कादंबऱ्या म्हणजे व्हिक्टोरियन रहस्यकथा. पायंडा मात्र अमेरिकेत पडला. एडगर अ‍ॅलन पो याने १८४१ साली पॅरिसमधल्या एका बंद खोलीतल्या खुनाची गोष्ट लिहिली आणि नुसत्या तर्काच्या बळावर कोडं सोडवणारा नायक वाचकांसमोर आणला.

इंग्लंडमध्ये तेव्हा पोलीस हीच मुळात नवी गोष्ट होती. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल १८२९ साली उभं राहिलं. गुन्ह्यांचा तपास करणारी वेगळी शाखा १८४२ साली निघाली आणि सुरुवातीला तिच्यात अवघी आठ माणसं होती. गणवेश न घालता, साध्या कपड्यांत हिंडणारा, कुणाच्याही घरात शिरून प्रश्न विचारणारा हा नवा माणूस लोकांना भुरळही घालत होता आणि धास्तीही. चार्ल्स डिकन्सने 'ब्लीक हाउस' (१८५२–५३) मध्ये इन्स्पेक्टर बकेट आणला तो याच कुतूहलातून. पुढे १८६०च्या दशकात कॉलिन्स आला आणि १८८७ साली आर्थर कॉनन डॉयलचा होम्स.

डॉयल होम्सकथा १९२७पर्यंत लिहीत राहिला, म्हणजे तारखा पाहिल्या तर सगळा होम्स व्हिक्टोरियन नाही. पण बहुतेक गोष्टी घडतात त्या १८८० आणि १८९०च्या दशकांतल्या लंडनमध्ये, म्हणून वाचक त्यांना याच घरातल्या मानतात. अगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक १९२० सालचं. ते जग वेगळं आणि त्याची गंमतही वेगळी.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी आज का वाचायच्या?

कोड्यासाठी वाचू नका, असं मी म्हणेन. कोडी आज याहून अवघड मिळतात. या गोष्टी वाचायच्या त्या त्यांतल्या पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. कुणीतरी घाबरलेलं माणूस येतं, त्याला बसायला खुर्ची मिळते, त्याची हकिकत मधे न तोडता पूर्ण ऐकली जाते, आणि ऐकणारा त्या माणसाकडे नीट बघतो. बहुतेक होम्सकथांची सुरुवात ही एवढीच असते आणि माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे.

'द स्पेकल्ड बँड' (१८९२) ही गोष्ट घ्या. एप्रिलमधली पहाट आहे, सव्वासात वाजलेत. काळ्या कपड्यांतली, चेहऱ्यावर जाळी ओढलेली एक बाई होम्सच्या घरी, बेकर स्ट्रीटवर आली आहे. ती थरथरते आहे. होम्स तिला शेकोटीजवळ बसायला सांगतो, तिच्यासाठी गरम कॉफी मागवतो. ती म्हणते, थरथर थंडीची नाही, भीतीची आहे. वय तिशीच्या घरात, पण केस अकाली पांढरे होऊ लागलेले. तिच्या डाव्या हातमोज्यात परतीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा दिसतो. डाव्या बाहीवर चिखलाचे ताजे शिंतोडे आहेत. होम्स त्यावरून तिचा सकाळचा प्रवास सांगून टाकतो आणि ती चकित होते. हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पण त्याच प्रसंगात आणखी दोन जागा आहेत. पहिली अशी की तिचं लग्न ठरलं आहे आणि होणाऱ्या नवऱ्याला तिने ही भीती सांगितली आहे. तो तिला समजुतीचं काहीबाही बोलतो आणि नजर चुकवतो. तिच्या मनाचे खेळ आहेत असं त्याला वाटतं, हे ती त्याच्या नजरेवरून ओळखते. दुसरी जागा: होम्स तिच्या मनगटावरची काळ्या लेसची झालर हळूच मागे सारतो. तिथे पाच काळेनिळे वळ आहेत, चार बोटांचे आणि एक अंगठ्याचा. तुमच्यावर फार जुलूम झालाय, असं तो म्हणतो. ती लाजेने लाल होते, मनगट झाकून घेते आणि सावत्र बापाची बाजू घेते: तो कठोर माणूस आहे, स्वतःच्या अंगातली ताकद त्यालाच कळत नसेल.

१८९२ सालच्या एका करमणुकीच्या मासिकात हे छापून आलं आहे. मार खाणाऱ्या बाईने मारणाऱ्याला पाठीशी घालणं, जवळच्यांनी 'तुला उगीच वाटतं' म्हणणं, आणि मग एका परक्याने तिचं म्हणणं खरं मानणं. पैशांचा विषय निघतो तेव्हाही होम्स सांगतो की फीची चिंता नको, झालेला खर्च सोयीने द्या. आपलं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं आणि त्यावर विश्वास ठेवावा, ही भूक आजच्या वाचकाला अनोळखी नाही. तक्रार नोंदवायला गेलेल्या कुणालाही विचारा.

पण मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनएच्या काळात ही कोडी पाच मिनिटांत सुटतील. मग उरतं काय?

काही सुटतील, सगळी नाही. मोबाइल कुठे होता ते यंत्र सांगेल, पण घरातल्या घरात कोण कुणाला का घाबरतं हे यंत्र कसं सांगणार?

शिवाय तो काळ आपण समजतो तितका संथ नव्हता. लंडनमध्ये दिवसातून अनेक वेळा टपाल वाटलं जाई, तारा मिनिटांत पोचत, आगगाड्यांचं वेळापत्रक घरोघरी असे, आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत. होम्स या साऱ्याचा पुरेपूर उपयोग करतो. माहितीचा पूर अचानक अंगावर आला आहे आणि त्यातलं कामाचं काय ते कळत नाही, ही तक्रार त्या पिढीचीही होती.

बोटांच्या ठशांची गोष्ट तर थेट आपल्याकडची आहे. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे एका करारावर सहीऐवजी हाताचा ठसा घेतला. पुढे पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसवली. कोलकात्यात १८९७ साली ठसे-विभाग सुरू झाला, स्कॉटलंड यार्डात १९०१ साली. म्हणजे या बाबतीत लंडनचे पोलीस कोलकात्याच्या चार वर्षं मागे होते.

या गोष्टींमध्ये सावत्र बाप, मृत्युपत्र आणि वारसाहक्क इतके का?

कारण खरा गुन्हा तिथे होता. विवाहित बाईची मालमत्ता इंग्लंडच्या कायद्यात बराच काळ नवऱ्याच्या हाती जात असे. १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी ती तिच्या नावावर राहू लागली. लेखक हे बदल पाहत होते आणि त्यातून गोष्टी काढत होते.

वर सांगितलेल्या 'स्पेकल्ड बँड'मध्ये होम्स एक सकाळ मृत्युपत्र वाचण्यात घालवतो. आईच्या मागे वर्षाला जवळजवळ अकराशे पौंडांचं उत्पन्न होतं, शेतमालाचे भाव पडल्याने ते साडेसातशेवर आलं आहे, आणि दोन्ही मुलींना लग्नानंतर प्रत्येकी अडीचशे पौंड द्यायचे आहेत. हे आकडे कळल्यावर दोन्ही मुलींची लग्नं झाली तर सावत्र बापाच्या हाती काय उरतं, ते तुम्हीच मांडून बघा. 'अ केस ऑफ आयडेंटिटी' आणि 'द कॉपर बीचेस' या त्याच, म्हणजे होम्सच्या पहिल्या कथासंग्रहातल्या गोष्टींतही मुलीचा पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून घरातलेच लोक काय काय करतात ते दिसतं. बारा गोष्टींच्या पुस्तकात तीनदा हा विषय येतो.

पण या बाबतीत सर्वांत अंगावर येणारा प्रसंग कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट' (१८५९–६०) मधला आहे. नवरा कपाटातून एक दस्त काढतो. तो लांबट घड्या घालून गुंडाळलेला आहे. नवरा फक्त शेवटची घडी उघडतो, बाकीच्यांवर हात दाबून धरतो आणि बायकोला म्हणतो, इथे सही कर. ती विचारते, यात काय लिहिलंय? तो म्हणतो, समजावत बसायला वेळ नाही, व्यवहाराच्या गोष्टी आहेत, तुला कळायच्या नाहीत. आणि ती, जी तोवर सगळ्या पुस्तकात मऊ, दबलेली वाटते, ती वाचल्याशिवाय सही करत नाही.

आपल्याकडे ज्या घरांत हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या गेल्या आहेत, तिथल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. रक्त नाही, पिस्तूल नाही, टेबलावर एक कागद आणि त्यावर दाबलेला हात. एवढ्यावर कॉलिन्स पानंच्या पानं श्वास रोखून ठेवायला लावतो.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' (१८९२) हा बारा कथांचा संग्रह. त्यातही आधी 'द रेड-हेडेड लीग', 'द स्पेकल्ड बँड' आणि 'द ब्लू कार्बंकल'. एका बैठकीत एक गोष्ट संपते.

पुष्कळ जण 'पहिल्यापासून वाचू' म्हणून 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) हातात घेतात आणि अर्ध्यावर अडकतात. त्यात अचानक लंडन सुटतं आणि गोष्ट अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात जाते, बरीच पानं होम्सचा पत्ता नसतो. डॉयलला त्या पुस्तकाचे सगळे हक्क विकून पंचवीस पौंड मिळाले होते. ते जरूर वाचा, पण होम्सवर जीव जडल्यावर.

त्यानंतर 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०१–०२). मग, हाताशी निवांत वेळ असेल तेव्हा, 'द मूनस्टोन'.

'द मूनस्टोन'चं इतकं कौतुक का होतं?

टी. एस. एलियटने तिला इंग्रजीतली पहिली, सर्वांत लांब आणि सर्वोत्तम आधुनिक डिटेक्टिव्ह कादंबरी म्हटलं आहे. 'पहिली' की नाही यावर अभ्यासक वाद घालतात. 'सर्वोत्तम' याला माझी हरकत नाही.

पिवळा हिरा मूळ सोमनाथच्या देवाचा. फिरत फिरत तो टिपू सुलतानाच्या खजिन्यात पोचतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडतं तेव्हा एक इंग्रज अधिकारी खून करून तो लुटतो. पुढे तो हिरा यॉर्कशरमधल्या एका तरुणीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. तीन ब्राह्मण पिढ्यानपिढ्या त्या हिऱ्याच्या मागावर आहेत, म्हणून आधी सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळतात.

कादंबरी अनेकजण सांगतात. घरचा म्हातारा कारभारी, एक कर्मठ धार्मिक बाई, वकील, डॉक्टरचा मदतनीस, प्रत्येकजण आपापल्या वाट्याचं. प्रत्येकाला थोडंच माहीत आहे आणि प्रत्येकाला आपणच बरोबर आहोत असं वाटतं. कारभारी बेटरेज अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून त्यात सल्ला शोधतो, आणि त्याची ती श्रद्धा इतकी निर्मळ आहे की हळूहळू आपणही त्याच्या बाजूने होतो.

ही कादंबरी १८६८ साली जानेवारी ते ऑगस्ट दर आठवड्याला हप्त्याने डिकन्सच्या साप्ताहिकात आली. नवा अंक निघायच्या दिवशी वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या कचेरीबाहेर वाचक गर्दी करून उभे राहत, अशी आठवण कादंबरीच्या प्रकाशकाने नोंदवली आहे. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी कॉलिन्स कुठे थांबतो ते पाहत वाचा. आजच्या वेब मालिका भागाच्या शेवटी जे करतात त्यात त्याला शिकवण्यासारखं फार थोडं आहे.

हिंदुस्थानी माणसांचं चित्रण खटकत नाही का?

खटकतं, आणि खटकायला हवंच. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) ची गोष्ट १८५७ साली आग्र्याच्या किल्ल्यातल्या खजिन्यापासून सुरू होते आणि अंदमानपर्यंत जाते. त्यातला टोंगा हा अंदमानी माणूस जवळजवळ जनावर म्हणून रंगवला आहे. त्याचं समर्थन होऊ शकत नाही. 'तो काळच तसा होता' एवढं म्हणून पुढे जाणं मला पटत नाही, कारण त्याच काळात वेगळं लिहिणारेही होते.

कॉलिन्सकडे पाहा. १८५७नंतर इंग्लंडमध्ये सूडाची भाषा चालू होती. खुद्द डिकन्सने एका खासगी पत्रात हिंदुस्थानातल्या वंशाचा नायनाट करण्याची इच्छा लिहिली आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, त्याच डिकन्सच्या साप्ताहिकात, कॉलिन्स अशी कादंबरी लिहितो जिची पहिली चोरी इंग्रज अधिकारी करतो आणि जिच्यात हिऱ्यावर खरा हक्क कुणाचा याबद्दल लेखकाच्या मनात शंका दिसत नाही. ते तीन ब्राह्मण गूढ आणि परके आहेत हे खरं. पण शेवटचं दृश्य ज्या आदराने लिहिलं आहे, तो त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत सहज सापडत नाही.

वाचताना दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात. आपल्याविषयी काय लिहिलं गेलं हे आपणच नीट वाचलं पाहिजे.

त्या काळचे खरे डिटेक्टिव्ह होम्ससारखे होते का?

त्यांचं काम होम्सपेक्षा अवघड होतं आणि त्यांच्या वाट्याला येणारी वागणूक पुष्कळच वाईट.

जॅक विचर हा १८४२च्या त्या पहिल्या आठ जणांपैकी एक. १८६० सालच्या जूनअखेर विल्टशर-सॉमरसेटच्या सीमेवरच्या रोड गावात, एका सुखवस्तू घरातलं चार वर्षंही पूर्ण न झालेलं मूल रात्रीतून नाहीसं झालं आणि घराच्या आवारातल्या शौचकूपात त्याचा मृतदेह सापडला. दारं आतून बंद केलेली होती, म्हणजे गुन्हेगार घरातलाच. स्थानिक पोलिसांना काही सुचेना तेव्हा लंडनहून विचरला पाठवण्यात आलं.

त्याने घरातली माणसं, नोकर, खोल्या पाहिल्या आणि धोब्याकडे गेलेल्या कपड्यांची यादी तपासली. सोळा वर्षांच्या थोरल्या सावत्र बहिणीचा, कॉन्स्टन्स केंटचा, रात्री घालायचा एक झगा कमी भरत होता. तेवढ्यावर त्याने तिला अटक करायला लावली. देश खवळला. साध्या घरातला एक पोलीस प्रतिष्ठित घरच्या मुलीचे आतले कपडे मोजतो आणि तिच्यावर खुनाचा आरोप ठेवतो, हे लोकांना सहन होईना. झगा मिळाला नाही, मुलगी सुटली, आणि विचरचं नाव खराब झालं. १८६४ साली त्याने नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने स्वतः होऊन खून कबूल केला. तिची फाशी रद्द होऊन तिला जन्मठेप झाली, १८८५ साली ती सुटली.

'मूनस्टोन'मधला सार्जंट कफ धोब्याच्या यादीवरून एक डाग लागलेला झगा शोधत असतो तो इथून आला आहे. कॉलिन्सने खून काढून टाकला, रक्ताच्या जागी दाराचा ओला रंग ठेवला, पण सभ्य घराला पोलिसाचा जो तिटकारा येतो तो तसाच्या तसा घेतला. कफ गुलाबांवर जीव टाकणारा, वाळलेल्या चेहऱ्याचा माणूस आहे आणि घरची मालकीण त्याला पैसे देऊन निरोप देते. विचरची हकिकत कळल्यावर ते पान वाचताना माझ्या पोटात तुटतं.

होम्सचे तर्क खरोखर टिकतात का?

सगळे नाही. आणि तरीही ते वाचावेसे वाटतात, याचं उत्तम उदाहरण 'ब्लू कार्बंकल'मधली हॅट. नाताळच्या दिवसांत रस्त्यात कुणाचीतरी जुनी हॅट सापडते. होम्स ती हातात घेऊन आपला मित्र वॉटसन याला मालकाचं आयुष्य सांगतो. हॅट भारीतली, पण तीन वर्षांपूर्वीच्या फॅशनची, म्हणजे माणूस तेव्हा बऱ्या स्थितीत होता, नंतर घसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून तिला मुद्दाम लवचीक दोरी बसवून घेतली होती. ती तुटली आणि पुन्हा लावलेली नाही, म्हणजे पूर्वीचा नीटनेटकेपणा राहिला नाही. कापडावर मेणबत्तीचे डाग आहेत, म्हणजे घरात गॅसचा दिवा नाही. कित्येक आठवडे ब्रश फिरलेला नाही, म्हणजे बायकोची माया आटली. पण पडलेले डाग शाई लावून झाकायचा प्रयत्न केला आहे, म्हणजे स्वाभिमान अजून शिल्लक आहे.

याच यादीत एक तर्क असाही आहे की हॅट मोठी, म्हणून डोकं मोठं, म्हणून बुद्धी मोठी. हे तेव्हाचं खोटं शास्त्र, सोडून द्या. पण शाईने झाकलेल्या डागापाशी मी दर वेळी थांबते. एका कफल्लक, दारू पिणाऱ्या माणसाची शिल्लक राहिलेली इभ्रत कुणीतरी त्याच्या टोपीत पाहिली.

(पुढच्या परिच्छेदात 'स्पेकल्ड बँड' आणि 'सिल्व्हर ब्लेझ' यांतली रहस्यं अंशतः फुटतात.)

'स्पेकल्ड बँड'मधला साप असा कुठे अस्तित्वात नाही, आणि शिट्टी ऐकून दोरीवरून चढणं किंवा बशीतलं दूध पिणं सापाच्या स्वभावात बसत नाही. नागपंचमीच्या दुधाबद्दल सर्पमित्र जे कळकळीने सांगतात तेच इथेही लागू आहे. उलट 'सिल्व्हर ब्लेझ'मधला धागा आजही पक्का आहे. तबेल्याची राखण करणाऱ्या पोऱ्याला जेवणातून अफू दिली जाते. अफूची चव जीभ ओळखते, पण त्या रात्री जेवायला होतं मसालेदार मटण, आणि त्यात ती चव लपली. मग प्रश्न उरतो की त्या रात्री मटणच शिजणार, हे कुणाच्या हातात होतं? त्या रात्री तबेल्यातला कुत्रा भुंकला नाही, हा त्याच गोष्टीतला पुरावा जगभर गाजला. मला स्वयंपाकघरातला हा पुरावा त्याहून जास्त आवडतो.

त्या काळी स्त्री-डिटेक्टिव्ह होत्या का?

पुस्तकांत होत्या, पोलीस दलात नव्हत्या. १८६४ साली स्त्री-डिटेक्टिव्ह नायिका असलेली दोन पुस्तकं इंग्लंडमध्ये निघाली. त्यांपेक्षा वाचनीय आहे ती कॅथरिन लुईसा पर्किसची लव्हडे ब्रूक (१८९३–९४). ती तिशी ओलांडलेली, दिसायला साधी, पोटासाठी एका खासगी तपास कचेरीत नोकरी करणारी बाई आहे. ती मोलकरीण, शिवणकाम करणारी बाई अशा रूपांत घरांत शिरते आणि तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. हेच तिचं हत्यार. लेखिका आणि तिचा नवरा दोघंही कुत्र्यांच्या संरक्षणाच्या चळवळीत होते, आणि तिचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. होम्सइतकीच लव्हडे ब्रूक शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांत असायला हवी.

होम्सच्या डोक्यावरची ती टोपी आणि 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन'?

ते वाक्य मूळ गोष्टींत जसंच्या तसं कुठेही नाही. दोन्ही बाजूंना कानपट्ट्या असलेली टोपी सिडनी पॅजेट या चित्रकाराने दिली. डॉयलने नुसतं 'डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी' असं लिहिलं होतं. ज्या 'स्ट्रँड' मासिकात ही चित्रं येत ते जानेवारी १८९१ मध्ये निघालं आणि सहा पेन्सना मिळे.

इंग्रजी जड जाईल का? मराठीत काय मिळतं?

होम्सची भाषा वाटते त्याहून सोपी आहे, कॉलिन्सची वाक्यं जरा लांब. नाणी एकदा समजून घेतली की बरंच सुकर होतं: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड आणि २१ शिलिंगांची गिनी. डॉयल १९३० साली वारला, कॉलिन्स १८८९ साली. त्यामुळे इथे उल्लेखलेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, आणि लिब्रिव्हॉक्सवर ऐकताही येतात.

मराठीत भालबा केळकरांनी होम्सच्या कथा आणल्या आणि कित्येक घरांत होम्स पहिल्यांदा शिरला तो त्यांच्या हातून. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी तर मराठी माणसाला वाचनाची चटक लावली. त्यांच्या धनंजय-छोटू या जोडीत बेकर स्ट्रीटच्या जोडीची आठवण येणं अगदी साहजिक आहे. बंगालीत १९३२ साली अवतरलेल्या ब्योमकेश बक्षीचा लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय उत्तरायुष्यात पुण्यात राहत होता, हे पुणेकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. आणि वॉटसनच्या हकिकतीतही आपण आहोत: पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात तो बोटीतून उतरतो तो मुंबईला, तिथून अफगाणिस्तानच्या लढाईवर जातो आणि मैवंदला गोळी लागून परततो.

मुलांना कोणत्या वयात द्यावं?

पाचवी-सहावीतल्या मुलांना 'ब्लू कार्बंकल' आणि 'रेड-हेडेड लीग' मोठ्याने वाचून दाखवा. मधे थांबून 'आता तू सांग' म्हणता येतं, आणि दोन्ही गोष्टींत रक्तपात नाही. 'स्पेकल्ड बँड' रात्री झोपताना नको. 'हाउंड' आठवी-नववीत छान जमतं. 'साइन ऑफ फोर' मात्र थांबून द्या. पहिल्याच पानावर होम्स हातात कोकेनची सुई टोचून घेतो, आणि टोंगाचं चित्रण का चूक आहे हे बोलायला शेजारी कुणी मोठं माणूस असलेलं बरं.